पडदे पाठ करू नका, तार मोजा!



पुण्यात गिटार शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या अलीकडे खूपच वाढली आहे. संध्याकाळी पाठीवर काळी लांबट पिशवी अडकवून क्लासला निघालेली मुले कोणत्याही पेठेत, कोणत्याही उपनगरात दिसतात. वाद्य कोणतेही असो, मुले ते हातात धरतात ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण यांपैकी एखाद्याला "सध्या काय शिकतोस?" असे विचारून पाहा. उत्तर बहुधा आकड्यांत मिळेल: "शून्य, दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा." कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे, त्याचे हे आकडे. यालाच तो 'मेजर स्केल' म्हणतो. आकडे अगदी बरोबर असतात. मात्र दोनानंतर चार आणि चारानंतर एकदम पाच का, सहा का नाही, असे विचारले की गाडी अडते. "सरांनी असेच सांगितले आहे," एवढेच उत्तर येते.

गंमत अशी, की याच मुलाच्या दप्तरात विज्ञानाचे पुस्तक असते आणि त्यात ध्वनीवर एक धडा असतो. कंपनसंख्या म्हणजे काय, तारेची लांबी कमी केली की काय होते, हे त्याने परीक्षेसाठी पाठ केलेले असते. म्हणजे क्लासमध्ये पडदे पाठ आणि शाळेत सूत्रे पाठ! या दोन पाठांतरांची गाठ घालून द्यावी, असे कुणाच्या मनात येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: संगीतातले सप्तक ही पाठ करायची गोष्ट नव्हे, ती मोजून आणि ऐकून पडताळून पाहायची गोष्ट आहे. गिटार हे त्यासाठी आपल्या घरात आपण होऊन चालत आलेले प्रयोगाचे साधन आहे. ते न वापरता नुसते आकडे घोकणे म्हणजे घरात दुर्बीण असताना चंद्राचे चित्र पाहत बसण्यासारखे आहे.

एक तार आणि एक पट्टी

प्रयोगाला लागणारे साहित्य: एक गिटार, एक मोजपट्टी, कागद आणि पेन्सिल. तार वरच्या बाजूला ज्या खाचांच्या पट्टीवरून येते, तिथपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजा आणि त्याची दुप्पट करा. ही तारेची हिशेबाची लांबी. (खालच्या घोडीपर्यंत प्रत्यक्ष मोजलेत तर दोन-तीन मिलीमीटर जास्त भरतील. पडद्यावर दाबताना तार थोडी ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. तो चढ भरून काढण्यासाठी कारागीर घोडी जरा मागे बसवतात.) पुष्कळ गिटारींची ही लांबी ६५ सेंटिमीटरांच्या आसपास असते. आपण ६५ धरून चालू.

मोकळी तार छेडा आणि तिला सा म्हणा. तारेचा ताण आणि जाडी तीच ठेवली, तर कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट. बारावा पडदा बरोबर मध्यावर आहे, म्हणून तिथे वरचा सा मिळतो. आता सातव्या पडद्यापासून घोडीकडे उरलेली लांबी काढा. ती सुमारे ४३.४ सेंटिमीटर भरेल. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. लांबी दोन तृतीयांश, म्हणून कंपनसंख्या दीडपट. हा पंचम. पाचव्या पडद्यावर सुमारे ४८.७ सेंटिमीटर उरतात, जवळजवळ तीन चतुर्थांश. हा शुद्ध मध्यम.

म्हणजे तारेचे दोन, तीन, चार असे सोपे भाग केले, की सा, म आणि प हे स्वर आपोआप हाती येतात. हा शोध आपल्याकडे नवा नाही. सतराव्या शतकात अहोबल पंडिताने 'संगीत पारिजात' या ग्रंथात वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या आहेत. तारेच्या मध्यावर वरचा सा. तार जिथून सुरू होते ते टोक आणि हा वरचा सा यांच्या मध्यावर मध्यम. तारेच्या तीन भागांपैकी पहिल्या भागाच्या शेवटी पंचम. तारेचे टोक आणि पंचम यांच्या मध्यावर गंधार. हा गंधार आजच्या हिशेबाने कोमल आहे, कारण त्या काळचे शुद्ध सप्तक आपल्या आजच्या काफी थाटाशी जुळणारे होते. ना यंत्र, ना नादकाटा! एक दोरी घेऊन ती दुमडता आली, की अहोबलाचे स्वर कुणालाही पडताळून पाहता येतात. "मी सांगतो म्हणून माना" असे म्हणण्याऐवजी "तार मोजा" असे सांगणारा हा पंडित मला फार आवडतो.

चार मिलीमीटरांचे कोडे

पण मोजायला लागले की प्रश्न उभे राहतात, आणि खरी मजा तिथेच आहे. तारेच्या सोप्या भागांनी मिळणारे स्वर आणि गिटारच्या पडद्यांवरचे स्वर शेजारी शेजारी मांडू. पहिला आकडा पडद्याचा. मग सोप्या भागांनी येणारी लांबी. मग पडद्यापासून प्रत्यक्ष उरणारी लांबी (सेंटिमीटरांत):

सा: मोकळी तार, ६५.० ; ६५.०
रे: पडदा २, ५७.८, ५७.९
ग: पडदा ४, ५२.०, ५१.६
म: पडदा ५, ४८.८, ४८.७
प: पडदा ७; ४३.३, ४३.४
ध: पडदा ९, ३९.०, ३८.६
नी: पडदा ११, ३४.७, ३४.४
वरचा सा: पडदा १२, ३२.५, ३२.५

म आणि प यांच्यात फरक जेमतेम अर्ध्या मिलीमीटराचा आहे. तो सोडून देऊ. पण गंधाराकडे पाहा. तारेचा चार पंचमांश भाग म्हणजे ५२ सेंटिमीटर. गिटारचा चौथा पडदा मात्र तब्बल चार मिलीमीटर पुढे बसवला आहे. म्हणजे गिटारचा गंधार चढा आहे. कारागीर चुकला का? मुळीच नाही. हे चार मिलीमीटर जाणूनबुजून दिलेले आहेत.

त्याचे कारण एका साध्या गुणाकारात दडले आहे. सा पासून दीडपट करत पंचमावर जा. त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम घ्या. असे बारा वेळा करा. तुम्ही बाराही स्वरांवरून फिरून सात सप्तके वर पुन्हा सा वर येता. निदान यायला हवे! पण दीड हा आकडा बारा वेळा गुणला तर सुमारे १२९.७ येतात आणि दोन हा आकडा सात वेळा गुणला तर १२८. वर्तुळ पुरे होत नाही. थोडीशी फट राहते. ही फट कुणाच्या हलगर्जीपणाने राहिलेली नाही. तीनाचा कोणताही घात दोनाच्या कोणत्याही घाताएवढा होत नाही, हे अंकगणितच त्याला कारण आहे. मग फट लपवायची कुठे?

युरोपातील वाद्यांना वेगवेगळ्या पट्ट्यांत आणि एकाच वेळी अनेक स्वर मिळून वाजायचे होते. त्यांनी ती फट बाराही स्वरांत सारखी वाटून टाकली. प्रत्येक पडद्याला कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पटीने वाढवायची, म्हणजे बारा पडद्यांनी ती बरोबर दुप्पट होते. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवत. १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी कारागिरांना सोपा नियम दिला: प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा अठरावा भाग कमी करा. तुम्हीही करून पाहा. ६५ सेंटिमीटरांवर बारा वेळा हा नियम लावला तर ३२.५ ऐवजी ३२.७ च्या थोडे वर राहतात. फार वाईट नाही! १.०५९५ हा अचूक आकडा चीनमधील राजपुत्र जू झाइयू याने १५८४ साली प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास सायमन स्टेव्हिन यानेही तो स्वतंत्रपणे मांडला. गिटारचे पडदे घोडीकडे जाताना जवळ जवळ येत जातात, त्याचे कारण हाच गुणाकार. पहिला पडदा साडेतीन सेंटिमीटरांहून दूर, तर अकरावा आणि बारावा यांच्यात दोन सेंटिमीटरही नाहीत.

ही तडजोड कानाला कळते का? अवश्य कळते. गिटार नीट जुळवून घ्या. पाचव्या तारेवर वरच्या टोकापासून १३ सेंटिमीटरांवर, म्हणजे पाचव्या भागावर, बोट न दाबता नुसते टेकवा, तार छेडा आणि बोट लगेच उचला. घंटेसारखा एक बारीक स्वर उमटेल. तंबोरा मन लावून ऐकणाऱ्यांना खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. आता पहिल्या तारेवर नववा पडदा दाबून छेडा. तोही तोच गंधार, पण पडद्याचा. पहिल्याची कंपने सेकंदाला ५५०, दुसऱ्याची सुमारे ५५४. दोन्ही एकदम वाजू द्या. आवाज लाटेसारखा वर-खाली होईल, सेकंदाला सुमारे चार वेळा. पुस्तकात 'विस्पंद' या नावाने तुम्ही जे पाठ केले, ते हेच.

सांगलीत झालेले मोजमाप

आपल्याकडे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात चांगलाच पेटला होता. हार्मोनियम युरोपातून आली, तिचे सूर ठरलेले आणि समान वाटलेले. नाटकांमुळे ती घरोघर पोचली. तेव्हा सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर तारेच्या मोजमापाला लागले. त्यांना साथ मिळाली किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांची. खाँसाहेबांनी गाऊन स्वर दाखवावेत आणि देवलांनी तो तारेवर मोजावा. बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक देवलांनी १९१० साली पुण्यात छापले. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशालाही हा विषय लागला आणि या मोजमापांवरून श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर बरीच चर्चा झाली. आपल्या रागांची दहा थाटांत मांडणी करणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना हे गणित मान्य नव्हते.

पुढे काय झाले? पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि संगीताचे अभ्यासक ग. ह. रानडे यांनी १९३८ साली हिंदुस्थानी संगीताच्या भौतिक बाजूवर ग्रंथ लिहिला. १९६३ साली नझीर जयराझभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून स्वर मोजले, तेव्हा असे दिसले की निरनिराळ्या कलावंतांचा एकच स्वर निरनिराळ्या जागी असतो, इतकेच नव्हे तर एकाच कलावंताचा स्वरही गाताना थोडा हलतो. म्हणजे गळ्यातला गंधार हा खिळा नाही. तो रागाप्रमाणे, आधी-नंतरच्या स्वरांप्रमाणे जागा घेतो.

यावरून "देवलांचे कष्ट वाया गेले" असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, नाही. त्यांनी आकडे मांडले म्हणून इतरांना ते तपासता आले. श्रद्धेने सांगितलेली गोष्ट तपासता येत नाही. मोजून सांगितलेली येते. विज्ञान पुढे सरकते ते असे.

दोन गैरसमज

या विषयावर बोलताना मला दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिली म्हणतात, "गिटार आणि पेटी बेसूर आहेत. आमच्या मुलांच्या हाती ती देऊच नका." आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले होते. पण विचार करा. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. यांच्या मैफलींत साथीला पेटी असे, म्हणून त्यांचे स्वर ढळले का? पेटी वाजत असतानाही त्यांचा कान तंबोऱ्यावर होता. दोष वाद्यात नसतो. तडजोड झाली आहे हे न कळण्यात असतो. बारा पडद्यांच्या तडजोडीमुळेच गिटारवर कोणत्याही पट्टीत गाणे वाजवता येते. चार मिलीमीटर देऊन ही सोय विकत घेतली आहे. सौदा समजून केला तर वाईट नाही.

दुसरी माणसे म्हणतात, "मुलांना कशाला हे गणित? त्यांना दोन गाणी वाजवू द्या. शास्त्राने आनंद मारला जातो." मला उलटे दिसते. आनंद मारते ते न कळणारे पाठांतर. चार महिने आकडे घोकून कंटाळलेली आणि पाचव्या महिन्यात गिटार माळ्यावर टाकणारी मुले तुमच्या वर्गातही असतील. ज्याला कारण कळले, त्याला पुढचे स्वतः शोधता येते. एक उदाहरण देतो. भूप रागाचे स्वर सा, रे, ग, प, ध. गिटारवर एकाच तारेवर पडदे ०, २, ४, ७, ९, १२. आता हेच पाच स्वर ठेवा, पण गंधाराला सा माना आणि तिथून वर चढा. मालकंसाचे स्वर मिळतात! पंचमाला सा माना, दुर्गा मिळतो. धैवताला सा माना, धानी मिळतो. आणि क्लासमध्ये ज्याला 'मायनर पेंटाटॉनिक' म्हणतात, तेच हे स्वर. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन आणि वादी-संवादीही असतात, हे खरे. पण चार वेगळी नावे पाठ करण्याऐवजी एका आकृतीची चार दारे दिसणे यात आनंद कमी आहे, असे कोण म्हणेल? आपल्या जुन्या ग्रंथकारांनी याला मूर्च्छना म्हटले आहे.

तुम्ही काय कराल?

आजकाल मोबाइलवर वाद्य जुळवण्याची सोय असते. हिरवा दिवा लागला की तार जुळली. ही सोय वापरा, पण शेवटी वापरा. आधी पाचव्या तारेचा पाचवा पडदा आणि मोकळी चौथी तार एकत्र वाजवून विस्पंद ऐका. तार हळूहळू पिळत न्या. लाटा संथ होत होत थांबल्या की स्वर जुळला. मग दिव्याला विचारा. कानाने आधी उत्तर द्यायचे आणि यंत्राने ते तपासायचे. क्रम उलटा केला, तर यंत्र हुशार होते आणि कान आळशी.

दुसरे, रोज पाच मिनिटे एक तार सा म्हणून वाजत ठेवा आणि पडद्याला हात न लावता ग गा. मग चौथा पडदा वाजवून पाहा. सुरुवातीला फरक कळणार नाही. काही आठवड्यांनी पडद्याचा ग तुम्हाला जरासा टोचेल. ज्या दिवशी टोचेल, त्या दिवशी तुमच्या कानाने पहिली परीक्षा दिली असे समजा.

तिसरे, बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि तिथला वाद्यांचा संग्रह मोजपट्टीच्या नजरेने पाहा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते वर-खाली सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. सारंगीला तर पडदेच नाहीत. एकाच प्रश्नाला माणसांनी दिलेली ही तीन उत्तरे आहेत. कोणते उत्तर कशासाठी सोयीचे, याचा विचार करा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. ध्वनीचा धडा शिकवताना वर्गात एक गिटार, सतार किंवा पेटी आणा. प्रत्येक वर्गात ती वाजवणारे एखादे तरी मूल असतेच. त्याच्या हातात पट्टी द्या आणि बाकीच्यांच्या हातात वही. संगीताच्या क्लासमधल्या गुरुजींनीही पहिल्या महिन्यात एक दिवस मोजमापाला द्यावा. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, निधी लागत नाही. लागते ती चौकस वृत्ती.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न. सोप्या भागांनी येणारा कोमल गंधार म्हणजे तारेचा पाच षष्ठांश भाग. तुमच्या गिटारचा तिसरा पडदा त्याच्या पुढे बसवला आहे की मागे, आणि किती मिलीमीटर? उत्तर कुठे छापलेले शोधू नका. पट्टी घ्या, तार मोजा आणि मग डोळे मिटून ऐका.